जठराचा कर्करोग, एक पेला आणि एक सोयीची दंतकथा

१/
दर दोन-चार महिन्यांनी एक गोष्ट समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागते. ऑस्ट्रेलियातील एका तरुण डॉक्टरने सांगितले की पोटातला अल्सर जीवाणूंमुळे होतो; सारे जग त्याला हसले; तेव्हा त्याने जीवाणूंनी भरलेला पेला घटाघटा पिऊन टाकला; तो आजारी पडला, सिद्धान्त सिद्ध झाला आणि त्याला नोबेल मिळाले. अलीकडे या गोष्टीला एक शेपूटही जोडले जाते: त्याच पेल्याने जठराच्या कर्करोगाचे मूळही उघड झाले.

२/
गोष्ट चटकदार आहे. तिच्यातील माणसे खरी, पेला खरा, नोबेलही खरे. तरीही इतिहास म्हणून ती खोटी आहे आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही. तिच्या अखेरीस बहुधा एक वाक्य चिकटवलेले असते: ‘त्यालाही जग हसलेच होते.’ आणि त्या वाक्याखाली एखादे चूर्ण, एखादा काढा किंवा कर्करोग ‘मुळापासून’ बरा करणारा आहार विक्रीला मांडलेला असतो.

३/
आधी मूळ विषय. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पिळदार जीवाणू जगातील सुमारे निम्म्या माणसांच्या जठरात राहतो. तो बहुधा बालपणीच, घरातल्या घरात, एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि उपचार न झाल्यास दशकानुदशके मुक्काम ठोकतो. जठराच्या अस्तराला त्यामुळे कायमची सूज राहते. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना अल्सर होतो. थोड्या जणांत मात्र अस्तरातील ग्रंथी झिजतात, त्यांच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात, आणि वीस-तीस वर्षांच्या या पडझडीच्या अखेरीस कर्करोग उभा राहतो. २०२२ मध्ये जगभरात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले आणि ६ लाख ६० हजार माणसे त्याने दगावली. अन्ननलिकेलगतचा भाग वगळता जठरात होणाऱ्या या कर्करोगांपैकी दहातील सुमारे नऊ या एका संसर्गाशी जोडले जातात. प्रश्न इतका मोठा असल्यामुळेच त्याचा इतिहास नीट सांगायला हवा.

४/
दंतकथेचे पहिले गृहीतक असे की त्या तरुण डॉक्टरपूर्वी सारे आंधळे होते. वस्तुस्थिती उलट आहे. १८९३ मध्ये इटलीतील तुरिन येथे जुलिओ बिझोझेरो यांनी कुत्र्यांच्या जठरात पिळदार जीवाणू पाहिले आणि त्यांची चित्रेही काढली. १८९९ मध्ये क्राकूवच्या वालेरी यावोर्स्की यांनी माणसाच्या जठरातील द्रवात तसेच जीव पाहिले. पण त्यांनी ते पोलिश भाषेत लिहिले आणि युरोपने ते फारसे वाचले नाही. (लहान भाषेत लिहिल्याची शिक्षा मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.) १९०६ मध्ये जर्मनीत वॉल्टर क्रिएनिट्झ यांना तर जठराच्या कर्करोगाच्याच रुग्णात हे जीव आढळले. १९४० मध्ये बोस्टनमध्ये फ्रीडबर्ग आणि बॅरन यांनी शस्त्रक्रियेत काढलेली जठरे तपासली, तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून अधिक नमुन्यांत ते सापडले.

५/
मग ही माहिती बुडाली कशी? १९५४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयातील एडी पामर यांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या जठराचे तुकडे तपासले आणि एकातही जीवाणू नसल्याचे जाहीर केले. त्यांनी नेहमीचा रंग वापरला होता. ज्या चांदीच्या रंगात हे जीव ठळक उठून दिसतात, तो वापरला नव्हता. यात कट नव्हता, लबाडी नव्हती. चुकीच्या रंगाने केलेले मोठे संशोधन योग्य रंगाने केलेल्या छोट्या संशोधनांवर भारी पडले, इतकेच. त्यानंतर पाव शतक ‘आम्लात काहीच जगत नाही’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत सुखाने नांदले.

६/
सत्तरच्या दशकात तीन गोष्टी बदलल्या आणि दंतकथेत तिन्ही गायब असतात. लवचीक दुर्बिणीमुळे जिवंत माणसाच्या जठराचा ताजा तुकडा मिळू लागला. १९७७ मध्ये इंग्लंडमधील मार्टिन स्किरो यांनी कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जीवाणू कमी प्राणवायूत वाढवण्याची सोपी रीत दाखवली. आणि पर्थच्या रॉयल पर्थ रुग्णालयात रॉबिन वॉरन नावाचा एक शांत विकृतिशास्त्रज्ञ होता, ज्याने जून १९७९ मध्ये एका तुकड्यावर निळसर रेघ पाहिली, ती चांदीच्या रंगाने तपासली आणि पुढची दोन वर्षे तशाच रेघा असलेले नमुने निमूटपणे जमवले. बॅरी मार्शल त्याच्याकडे आले ते १९८१ मध्ये. पेल्याच्या गोष्टीत वॉरन यांना एक ओळसुद्धा मिळत नाही, हे त्या गोष्टीच्या गुणवत्तेचे पुरेसे प्रमाणपत्र आहे.

७/
जीवाणू प्रयोगशाळेत वाढले तेही सुट्टीच्या कृपेने. तोवरच्या चौतीस रुग्णांचे नमुने दोन दिवसांत काही उगवले नाही म्हणून टाकून दिले जात होते. १९८२ च्या ईस्टरला पस्तिसाव्या रुग्णाची बशी उबवणी कपाटात तशीच राहिली, कारण रुग्णालयात दुसऱ्याच एका संसर्गाची साथ होती आणि प्रयोगशाळेला सवड नव्हती. सुट्टी संपल्यावर बशीत वसाहती दिसल्या. हा जीवाणू सावकाश वाढणारा निघाला.

८/
दुसरे गृहीतक: जग हसले. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पचनसंस्थेच्या तज्ज्ञांच्या संस्थेने मार्शल यांचा निबंध परत पाठवला, हे खरे. आलेल्या ६७ निबंधांपैकी ५६ घेतले गेले आणि हा नाकारलेल्या अकरांत गेला. पण त्याच वर्षी जूनमध्ये ‘लॅन्सेट’ने वॉरन आणि मार्शल यांची दोन पत्रे छापली. सप्टेंबरमध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी हा विषय उत्सुकतेने उचलला. स्किरो यांनी तर पाठराखण केली. १९८४ मध्ये संपूर्ण शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्येच आला. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अल्सरवर प्रतिजैविके द्यावीत असा निर्णय दिला आणि त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या जीवाणूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात बसवले.

९/
१९८२ ते १९९४, म्हणजे बारा वर्षे. पेटन राउस यांनी कोंबड्यांत विषाणूमुळे गाठ होते हे १९११ मध्ये दाखवले आणि त्यांना नोबेल मिळाले १९६६ मध्ये. त्या मापाने पर्थचा शोध पळत सुटला होता.

१०/
याचा अर्थ प्रस्थापित वैद्यक निर्मळ होते असा नव्हे. १९१० पासून ‘आम्ल नाही तर अल्सर नाही’ हे सूत्र गिरवले गेले होते. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलेले सिमेटिडीन आम्ल थोपवत असे आणि पुढे जगातील सर्वाधिक खपाच्या औषधांत जाऊन बसले. औषध बंद केले की अल्सर बहुधा परतत असे. म्हणजे गिऱ्हाईकही परतत असे. असे गिऱ्हाईक दोन आठवड्यांत कायमचे बरे होणे कोणत्या कंपनीला रुचेल? या रोषाला आधार आहे. पण कंपन्यांचे हितसंबंध आणि कंपन्यांचा कट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दंतकथा त्यांची जाणूनबुजून गल्लत करते.

११/
आता तो पेला. १९८४ मध्ये मार्शल जीवाणूंचे द्रावण प्यायले. आठवड्याभरात मळमळ, उलट्या आणि तोंडाला दुर्गंधी. दुर्बिणीने पाहिल्यावर जठराला सूज आणि जीवाणू. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा सूज ओसरू लागली होती. १९८५ मध्ये त्यांनी हे ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रामाणिकपणे नोंदवले. सिद्ध काय झाले? निरोगी जठरात हा जीवाणू सूज निर्माण करू शकतो, एवढे. त्यांना अल्सर झाला नाही. कर्करोगाचा तर प्रश्नच नव्हता. दोन आठवड्यांत कर्करोग होत नसतो. त्या माणसाचे धाडस कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु धाडस हा पुरावा नव्हे.

१२/
न्यूझीलंडमधील आर्थर मॉरिस यांनीही असाच प्रयोग स्वतःवर केला आणि १९८७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांचा संसर्ग मार्शल यांच्यासारखा सहज गेला नाही; दीर्घकाळ चिवटपणे टिकला. शास्त्रीयदृष्ट्या ही नोंद अधिक मोलाची, कारण या जीवाणूचे खरे सामर्थ्य त्याच्या चिकाटीत आहे. मॉरिस यांच्या नावाने संदेश फिरत नाहीत.

१३/
कर्करोगाचा मार्ग तर जीवाणूशिवायच आखला गेला होता. कोलंबियाचे पेलायो कोरेआ आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते की सूज, झीज, पेशींचे रूपांतर आणि मग कर्करोग अशा पायऱ्यांनी हा रोग चढत जातो. कारण म्हणून त्यांनी आहाराकडे बोट दाखवले: खारवलेले अन्न, नायट्रेट, ताज्या भाज्यांचा अभाव. पुढे त्यांनीच जिन्याच्या पहिल्या पायरीवर जीवाणू आणून ठेवला. स्वतःचा सिद्धान्त दुरुस्त करणाऱ्या संशोधकावर चटकदार गोष्ट होत नाही, हेही खरेच.

१४/
जीवाणू आणि कर्करोग यांची सांगड घालण्यात एक विचित्र अडचण होती. कर्करोग होईतो जठर इतके झिजलेले असते की जीवाणूलाच तेथे राहवत नाही; कित्येकदा तो नाहीसा होतो. म्हणजे रुग्णाच्या जठरात शोधायला जावे, तर गुन्हेगार पळालेला. साक्ष मिळायची असेल तर ती रोग होण्याच्या कितीतरी आधी घेतलेल्या रक्तातच मिळणार होती. आणि असे रक्त जगात काही ठिकाणी, दुसऱ्याच कामासाठी जमवून, गोठवून ठेवलेले होते.

१५/
हवाई बेटांवर हृदयविकाराच्या अभ्यासासाठी जपानी वंशाच्या पुरुषांची नोंद ठेवली जात होती. १९६७ ते १९७० या काळात त्यांतील ५,९०८ जणांचे रक्त जपून ठेवले गेले. पुढच्या दोन दशकांत त्यांतील १०९ जणांना जठराचा कर्करोग झाला. अब्राहम नोमुरा यांच्या गटाने त्या कुप्या बाहेर काढल्या: १०९ पैकी ९४ टक्के जणांच्या रक्तात जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडे होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत ७६ टक्के. कॅलिफोर्नियात ज्युली पार्सोनेट यांच्या गटाने साठच्या दशकात आरोग्यतपासणी झालेल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांच्या नोंदी चाळल्या. योगायोग असा की तेथेही कर्करोगाचे रुग्ण १०९ निघाले: त्यांत ८४ टक्के, निरोगींत ६१. ब्रिटनमध्ये डेव्हिड फोरमन यांच्या गटाने २९ रुग्णांत हेच पाहिले: ६९ विरुद्ध ४७. तिन्ही निबंध १९९१ चे.

१६/
त्या कुप्यांमधले रक्त देणाऱ्यांना हा जीवाणू ठाऊक नव्हता. रक्त घेणाऱ्यांनाही नव्हता. कोणी परिचारिकेने चिठ्ठी चिकटवली, कोणी कारकुनाने क्रमांक लिहिला, आणि शीतकपाट वीस वर्षे कोणी बंद पडू दिले नाही. १९९४ च्या निर्णयामागे हा पुरावा होता, पेला नव्हे. २००५ च्या नोबेलचे मानपत्र पाहावे: त्यात जठराची सूज आणि अल्सर यांचा उल्लेख आहे, कर्करोगाचा नाही. नोबेल समिती दंतकथेपेक्षा सावध होती.

१७/
त्या सावधपणाला एक जुनी जखम कारणीभूत असेल काय? कारण संसर्ग आणि जठराचा कर्करोग या विषयावर त्या समितीने एकदा हात पोळून घेतले होते. डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना १९०७ मध्ये तीन उंदरांच्या जठरात गाठी आणि त्यांत सूक्ष्म कृमी दिसले. कृमी झुरळांमार्फत येतात हे त्यांनी शोधले. कोपनहेगनच्या एका साखर कारखान्यातील उंदीर आणि झुरळे तपासली. अखेर झुरळे खाऊ घालून उंदरांत गाठी निर्माण केल्या. १९१३ मध्ये जगाने टाळ्या वाजवल्या. १९२६ चे नोबेल त्यांना मिळाले.

१८/
फिबिगर चुकले होते. त्यांच्या उंदरांना मुख्यतः पांढरा पाव आणि पाणी मिळे. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने जठराचे अस्तर बदलत होते आणि कृमींची त्यात भर पडत होती. ज्यांना त्यांनी कर्करोग म्हटले, त्या गाठी कर्करोगाच्या नव्हत्याच. १९५२ मध्ये हे स्पष्ट झाले तेव्हा ते हयात नव्हते. जपानच्या कात्सुसाबुरो यामागिवा यांनी १९१५ मध्ये सशांच्या कानांवर डांबर चोळून खराखुरा कर्करोग निर्माण केला होता. त्यांना नोबेल मिळाले नाही.

१९/
आता ग्रीसमधील मेसोलोंगी. (कवी बायरन जेथे वारला ते गाव.) तेथील डॉक्टर इओआनिस लिकूडिस यांनी १९५८ मध्ये स्वतःच्या पोटदुखीवर प्रतिजैविके घेतली, त्यांना बरे वाटले, आणि पुढे त्यांनी हजारो रुग्णांना तोच उपचार दिला. निबंध नाकारला गेला, औषधाला मान्यता मिळाली नाही, १९६८ मध्ये शिस्तपालन समितीने चार हजार द्राख्मांचा दंडही केला. १९८० मध्ये ते वारले. पर्थच्या बशीत वसाहती उगवायला दोन वर्षे बाकी होती. लिकूडिस यांचा अन्याय मोठा आहे. पण त्यांच्याकडे जीवाणू नव्हता, दुर्बिणीतून घेतलेला तुकडा नव्हता, उपचार न दिलेला तुलनेचा गट नव्हता. ‘रुग्णांना बरे वाटते’ एवढेच होते. बरे तर पुष्कळ गोष्टींनी वाटते.

२०/
फिबिगर आणि लिकूडिस शेजारी उभे केले की दंतकथेतील हवा निघून जाते. एकाला टाळ्या मिळाल्या आणि तो चुकला. दुसऱ्याला दंड झाला आणि तो बऱ्याच अंशी बरोबर निघाला. हसणे आणि टाळ्या यांतून सत्य कळत असते तर प्रयोगशाळांऐवजी नाट्यगृहे पुरली असती. ‘गॅलिलिओलाही हसले होते’ असे म्हणणाऱ्याला इतकेच विचारावे: ज्यांना हसले आणि जे खरोखरच चुकले होते, त्यांची यादी कोणी ठेवली आहे?

२१/
‘एक जंतू, एक रोग’ हे समीकरणही दंतकथेचीच देणगी. कोलंबियाच्या नारिन्यो प्रांतात डोंगरावरच्या आणि किनाऱ्यावरच्या लोकांत संसर्ग सारखाच आढळतो. कर्करोग मात्र डोंगरावर सुमारे पंचवीसपट. भारतात निम्म्याहून अधिक लोकांत हा जीवाणू आहे, तरी जपान-कोरियाच्या मानाने येथे जठराचा कर्करोग बराच कमी. आणि भारतातच मिझोराममध्ये त्याचे प्रमाण देशात सर्वाधिक. तेथे तंबाखूचा धूर पाण्यातून काढून तयार होणारे तुइबुर आणि आंबवलेली डुकराची चरबी यांकडे संशोधकांनी बोट दाखवले आहे. जीवाणूची जात, माणसाची प्रकृती, मीठ, धूर, घरातील गर्दी या साऱ्यांचा हा हिशेब आहे.

२२/
शिवाय अमेरिका आणि पश्चिम युरोपात या कर्करोगाचे बळी वॉरन यांनी निळी रेघ पाहण्याआधी कित्येक दशके घटू लागले होते. १९३० च्या सुमारास तो अमेरिकेत सर्वाधिक बळी घेणाऱ्या कर्करोगांत होता. मग घरोघर शुद्ध पाणी आले, कुटुंबे लहान झाली, एका खाटेवर चार मुले झोपेनाशी झाली, शीतकपाटांमुळे मांस-मासे खारवण्याची गरज उरली नाही. जीवाणूचे नावही ठाऊक नसताना नगरपालिकांनी आणि नळजोडणी करणाऱ्यांनी त्याची वाट अडवली होती.

२३/
त्या वीरकथेचा तोटा आज कोणाला? मराठी घरांत वर्षानुवर्षे ‘पित्त’ या एका शब्दात सारे बसवले जाते. तिखट कमी करा, टेन्शन घेऊ नका, औषधाच्या दुकानातून गोळी आणा. आम्ल दाबणाऱ्या गोळीने जळजळ थांबते. आतली पडझड थांबेलच असे नाही आणि आरंभीची लक्षणे मात्र झाकली जातात. दुसरे टोक असे की संदेश वाचलेला माणूस चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकांची दोन-चार दिवसांची मात्रा घेतो. हा जीवाणू अर्धवट उपचाराने मरत नाही, निर्ढावतो. भारतात मेट्रोनिडाझोलला तो मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. वजन घटणे, काळी शौच होणे, थोडे खाऊनही पोट भरणे, गिळताना अडणे ही लक्षणे असतील तर दुर्बिणीची तपासणीच हवी. त्या जागी ना गोळी चालते ना गोष्ट.

२४/
जीवाणू मारल्याने कर्करोग टळतो काय, हेही कोणा वीराने ठरवलेले नाही. जपानमध्ये नाओमी उएमुरा यांच्या गटाने १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षे लक्ष ठेवले: संसर्ग असलेल्या १,२४६ जणांत ३६ कर्करोग, नसलेल्या २८० जणांत एकही नाही. हा निबंध २००१ चा. पण २००४ मध्ये चीनच्या फुजिआन प्रांतातील १,६३० जणांच्या चाचणीत उपचार घेतलेल्यांत ७ आणि न घेतलेल्यांत ११ कर्करोग आढळले. हा फरक निर्णायक नव्हता. ज्यांच्या जठरात आरंभी झीज वा रूपांतर नव्हते, त्यांच्यात मात्र ० विरुद्ध ६. म्हणजे उपचाराला वेळ असते. जिना बराच चढल्यावर पहिली पायरी काढून फारसे साधत नाही. २०१३ पासून जपानच्या आरोग्यविम्यात केवळ जठराच्या सुजेसाठीही हा उपचार बसतो.

२५/
नोबेलच्या एक वर्ष आधी, २००४ मध्ये, तैवानच्या मात्सू बेटांवर एक काम सुरू झाले. मासेमारीची वस्ती, खारवलेल्या अन्नाची सवय आणि या कर्करोगाचे मोठे प्रमाण. आरोग्यसेवकांनी तीस वर्षांवरील रहिवाशांना बोलावले, श्वासाची चाचणी घेतली, ज्यांच्यात जीवाणू निघाला त्यांना औषध दिले, मग पुन्हा श्वास तपासला, आणि हे काही वर्षांच्या अंतराने करत राहिले. संसर्ग ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आला. पूर्वीच्या मानाने कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे निम्म्याने घटले. तेथे कोणी काही प्यायले नाही. लोक रांगेत उभे राहिले, नळीत फुंकले आणि घरी गेले.